अनुकंपा तत्त्वावर

तोंडं विसरते मी. हात नाही विसरत.
सेलूच्या बाजारात चाळीस वर्षं
बायकांनी हात दिलेत माझ्या हातात,
मूठ चेपायची, अंगठ्याचं हाड आत वळवायचं,
थोडा साबण, बाकी गप्पा,
आणि बांगडी उतरली की तिचा सुस्कारा, माझाबी.

सत्त्वशीला टेकाळेचा हात सव्वादोन.
पंचायत समितीत आवक-जावक बघायची,
नवऱ्याच्या जागी लागलेली, अनुकंपा तत्त्वावर.
हिरव्या नको म्हणायची, आमसुली दे.
मी कधी विचारलं नाही.

मग तिच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू.
तो हात तिनं उजव्यानं उचलून
माझ्या मांडीवर ठेवला, भाजीची पिशवी ठेवावी तसा.
बांगड्या अशा गेल्या की मीच भ्याले.
झटापट लागते थोडी, बांगडी भरायची म्हणजे.

तिसऱ्या वर्षी उजवा सुजला.
पेरं भुईमुगाच्या शेंगांसारखी, वरून गरम.
अडीच अडली. पावणेतीन कशीबशी, डोळ्यात पाणी आणून.
आणि डावा?
सव्वादोनच. थंड, नितळ,
जसं काही त्याला कुणी कळवलंच नाही.

"अगं जुलेखा, संधिवात अर्ध्याच घरात शिरला,"
म्हणाली, आणि केसपेपर उलटा करून दाखवला.
अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या पोरीनं मागं चित्र काढलेलं:
मणका, त्यातून निघालेल्या रेघा, रेघांच्या टोकाला सांधा.
कुत्रं अंगावर आलं की काळीज धडधडवणाऱ्या,
पळ म्हणणाऱ्या ह्या नसा.
पुस्तकात त्यांचं नाव अनुकंपी.
"म्हणजे माझ्याच कोट्यातल्या," सत्त्वशीला खुदकन हसली.

सूज धरायला लागते तेव्हा
ह्याच नसांच्या हातात फुंकणी असते म्हणे.
डाव्या हाताला हुकूमच धड पोचेना,
तर चूल कोण पेटवणार?

मी म्हणाले, मग उजव्यातल्याबी छाटून टाका की.
ती म्हणाली, मीबी तेच म्हणाले.
तर डॉक्टर म्हणे, नाही मावशी,
जाळ वाढला की घागर घेऊन येणाऱ्याबी त्याच.
फक्त तोवर त्या तिथं राहत नाहीत.
सुजलेलं अस्तर त्यांना हाकलून लावतं.
मागं उरतात त्या दुखणं सांगणाऱ्या,
त्यांना उलट नवे फुटवे येतात.

असला माणूस माझ्या घरातच होता.
दीर. भांडण त्यानं लावलं,
मिटवायची अक्कलबी त्यालाच होती,
पण तोवर गेला निजामाबादला निघून.
आम्ही राहिलो, ओरडणारे.

"नेमकं असंच असतं का गं?"
"पुरतं कुणालाच ठाऊक नाही.
बरंचसं उंदरांत पाहिलंय, म्हणाली."
दोघी हसलो. उंदरांना कोण बांगड्या भरतं.

तिला दोन्ही हातांत एकाच रंगाच्या पाहिजे होत्या.
दोन डबे फोडले. सहा सव्वादोनच्या, सहा पावणेतीनच्या.
डावा झाला बोलता बोलता.
उजव्याला पाचवीपर्यंत तिनं दात आवळले,
खांदा कानापर्यंत चढला,
मनगटावरची नस टकटक करताना मला दिसली.
सहावी पेरावर अडली.
मी फुंकर घालायला तोंड खाली नेलं
आणि तसंच थांबले.
ही कुठली, तेच उमजेना.

"घाल गं," ती म्हणाली. "गार वाटतं."

उरलेल्या बारा आमसुली, दोन मापांच्या,
दोऱ्यात बांधून वरच्या फळीवर ठेवल्यात.
गिऱ्हाईक विचारतं, हा कसला जोड?