कारणाचा रकाना

मार्लबी नगरपालिका, समुद्राकडची खोली.
सन चोपन्न, मार्चमधला एक गुरुवार.
टेबलावर ॲक्रॉइडच्या दुकानातून उचललेली चौसष्ट कार्डं,
आणि बिस्किटांची बशी, जिला कुणी हात लावत नाही.
मी कारकून. माझ्या वहीत तीन रकाने:
क्रमांक, निर्णय, कारण.

क्रमांक एक.
घामाघूम तरुणी, सायकल आडवी, पाद्रीबुवांना म्हणते,
"तुमच्याकडे पंप असेल ना? माझी तर सगळी हवाच गेली."
रेव्हरंड प्रॉबर्ट कार्ड लांब धरतात,
मग जवळ, मग पुन्हा लांब.
"यात गैर काय? सायकलींची हवा जातेच."
नगरसेवक टॉड खोकतात.
त्यांना कळलंय, आणि कळलंय हे कळू नये म्हणून खोकतात;
आता त्या खोकल्यालाही दोन अर्थ.
बंदी.
"कारण काय लिहू?"
हीटर तेवढा सुस्कारतो.
"लिहा," टॉड म्हणतात, "हवामान."

क्रमांक नऊ. खाटीक, तराजू, भरदार गिऱ्हाईक.
"वजनावर जाऊ नका ताई, चव बघा."
क्रमांक चौदा. भाजीपाल्याचं प्रदर्शन,
बक्षिसाचा मुळा छातीशी धरलेला नवरा, शेजारी बायको:
"गेल्या वर्षी मोठा वाटला होता. अंधार होता म्हणून."
मी हसू पेन्सिलीच्या टोकाशी चावून धरते.

खरं तर चित्रकाराने काहीच काढलेलं नाही.
पंप आहे तो पंप, मुळा आहे तो मुळा.
उरलेलं सगळं आम्ही घरून आणलंय,
चौघांनी, आपापल्या पिशवीतून,
आणि आता चौघेही पिशवीचं तोंड घट्ट धरून बसलोय.

तेविसाव्या कार्डावर
पाद्रीबुवांना पहिलं कार्ड कळतं.
आधी कान लाल होतात, मग मान.
ते उठून खिडकी उघडतात
आणि बराच वेळ भरतीकडे बघत राहतात.

एक्केचाळिसावं या ढिगातलं नव्हेच.
तपकिरी पडलेलं, कोपरे झिजलेले,
किती घरं फिरून ॲक्रॉइडच्या पेटीत आलं कोण जाणे.
लाकडी धक्का, छत्रीवाली बाई, पाठमोरी. विनोद नाही.
मिसेस हार्गरीव्ह्ज इतका वेळ नुसत्या विणत होत्या.
त्या कार्ड उलटं करतात.
"हवा बरी. मावशीचा पाय सुधारतोय.
मंगळवारच्या बोटीने निघतो."
पत्ता: कुमारी हेस्टर लम, बेकरीच्या वर.
हिरवं अर्ध्या पेनीचं तिकीट,
राजा डावीकडे कललेला, जणू बोटीतच बसलाय.

हेस्टर हे त्यांचं नाव, मला मस्टरवरून ठाऊक.

"कार्ड काय," त्या सुईकडे बघत म्हणतात,
"पोस्टमन वाचायचा, आई वाचायची,
पाव द्यायला आलेला पोरगाही वाचायचा.
म्हणून तिकीट तिरकं लावायचे.
उजवीकडे कललं तर एक. उलटं असलं तर..."
"आणि हे?" मी विचारते.
"हे नीट चिकटलेलं नाही, एवढंच."

टॉड घड्याळ बघतात. "हे तर साधं आहे. मंजूर करू?"
"बंदी," मिसेस हार्गरीव्ह्ज म्हणतात,
आणि त्यांच्या पर्सची खटकी वाजते.

कारण विचारायला मी तोंड उघडलं होतं.
मग बशीतलं एक बिस्कीट घेतलं.

संध्याकाळी मोजली तर त्रेसष्ट भरली.
मी चौसष्ट लिहिलं, सही केली, शिक्का मारला.
कोपऱ्यावरच्या पेटीत माझं वीजबिल टाकायचं होतं.
तिकीट ओलं केलं, लावलं,
आणि दिव्याखाली पाहिलं तर
किंचित डावीकडे.

हात हलला असेल. वारा फार होता.