म्हैस, सकाळ-संध्याकाळ

गंगावेशीत माझा दवाखाना, दहा बाय बारा.
खाली पंक्चरवाला, वर मी.
पाट्या दोन. एक माझी,
एक सासऱ्यांची, जी काढायला कुणी धजत नाही.
जिन्यातून अजून आवाज येतो,
"मोठे डॉक्टर हाईत काय?"
मोठे डॉक्टर जाऊन नऊ वर्षं झाली.

हिंदुराव बसला की खुर्ची विचारात पडते.
शरीर तालमीतलं, तालीम सुटलेली,
खुराक तेवढा सुटायचा राहिला.
उपाशीपोटी दोनशे बारा.
जेवणानंतरचा आकडा मी मोठ्यानं वाचत नाही.
तो म्हणतो, "उसाच्या गावात साखर असायचीच की, बाई."

मी बोलते. आठवड्याला चाळीस जणांशी हेच बोलते.
भात एक वाटी. रश्श्यावरचा कट बाजूला.
तंबाखूचं तर बोलायलाच नको, तरी बोलते.
बोलताना माझाच आवाज मला
भंगारवाल्याच्या कर्ण्यासारखा ऐकू येतो.
गाडी गल्लीतून निघून जाते,
एकही खिडकी उघडत नाही.

"मटण बंद करू?"
त्यानं असं विचारलं,
जसं कुणी विचारावं, आईला कुठं नेऊन सोडू?
"बंद नको. बुधवार तुमचा, रविवार तुमचा.
शुक्रवार मला द्या."
"आणि पावणं आलं तर?"
"पाहुणे किती वेळा येतात?"
"आता येत्यात की."

चालायला सांगितलं. रंकाळ्यावर, रोज चाळीस मिनिटं.
पहिल्यांदाच तो लाजला.
"बिनकामाचा चालाय लागलो
तर गल्ली इचारंल,
हिंदुराव, गोठा इकलास काय?"

मग सहा महिने आला नाही.
न येणाऱ्यांची एक वेगळी फाईल असते,
कपाटात नाही, रात्री दीड वाजता उघडणारी.
आक्काताई, माझी मदतनीस, म्हणाली,
"मी बोललो हुतो, त्यो काय ऐकायचा न्हाई."

फेब्रुवारीतली पहाट. एका म्हातारीचं बीपी बघून परतत होते.
नदीकडच्या रस्त्यावर धुकं,
धुक्यात शिंगं,
शिंगांमागं डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस.
मी आधी त्याचे पाय पाहिले. सवय.
पायात बूट होते,
पोराचे, फुटबॉलचे, एक नाडी हिरवी.
"टेम्पो बंद केला," तो म्हणाला.
"टेम्पोतनं आणल्या की म्हशी रुसत्यात.
चालत आणल्या की धार सोडत्यात.
तुमच्यासाठी न्हवं हां, बाई."
नाही, नाही, मी म्हटलं. माझ्यासाठी कशाला.
सात म्हशी आमच्या मधून निघून गेल्या,
कुणाच्याच सल्ल्याला न थांबता.

सोमवारी एकशे अठ्ठेचाळीस.
जुन्या गोळीच्या खाली मी लिहिलं,
म्हैस, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी.
दहा मिनिटांत मेडिकलमधून फोन,
"मॅडम, ही कुठल्या कंपनीची?"

एवढ्यानं काही जिंकलं नाही.
शुक्रवार त्यानं अजून मला दिलेला नाही,
पुडी खिशात आहे, फक्त खिसा बदललाय.
माझ्या चाळीसमधले अडतीस जण
अजून पाहुण्यांची वाट बघतात.
जाता जाता तो दारात वळला.
"आणि तुम्ही कवा चालता, बाई?"
मी स्टेथोस्कोपची नळी उगाच गुंडाळली.

रात्री दहाला शटर ओढते.
घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडतो,
तो भरून यायला किती वेळ लागतो
ते मी मोजत नाही, दुसऱ्यांचं मोजते.
कोपऱ्यावर कट्टा, कट्ट्यावर म्हशी,
चालून आलेल्या, निवांत.
हिंदुराव कासेखाली ग्लास धरतो.
"अर्धाच," मी म्हणते.
तो काठोकाठ भरतो.
"फेस बसला की अर्धाच ऱ्हातोय,"
म्हणतो,
आणि पैसे घेत नाही.