नळी क्रमांक सात

राखेच्या बांधावर वाट टिकत नाही.
सकाळी पायांनी पाडलेली
दुपारच्या वाऱ्यात बुजते.
मागे एकलहऱ्याच्या चिमण्या,
पुढे करडं तळं, काठाला चार बगळे;
काय वेचतात त्यांनाच ठाऊक.

दगू धात्रक मुकादम सांगायचे,
बांध उंच करायच्या तऱ्हा तीन.
बाहेरच्या अंगानं वाढवला
तर माती लई, जागा लई,
पण रात्री झोप लागते.
सरळ वर, डोक्यावर डोकं,
तो त्यांनी फक्त नकाशात पाहिलेला.
आणि आपला हा,
आत आत सरकणारा,
कालच्या राखेवर आजचा पाय.
"स्वस्त पडतो," म्हणायचे,
आणि तंबाखू मळता मळता थांबायचे.
"टिकतो बी. पण राखेला सुकू द्यावं लागतं, बाई.
टेंडरला मुदत असती, राखेला नसती."

सतरा वर्षं मी नळ्या वाचते.
टेपच्या टोकाला पितळी वाटी,
खाली सोडायची, कान लावायचा.
टप्.
बांधाच्या पोटातलं पाणी दिसत नाही कुणाला,
मला ते ऐकू येतं.

या पौषात सात नंबर
आठ दिवसांत चाळीस सेंटीमीटर वर.
पाऊस नाही, आवर्तन नाही.
नवी इंजिनिअर अक्षदा म्हणाली, टेप चुकला असेल.
पुन्हा सोडला. टप्.
मग दोघी कडेकडेनं चालत गेलो
तर राखेचा पाइप महिनाभर एकाच कोपऱ्यात ओकतोय,
आणि तळं,
जे बांधापासून शंभर पावलं लांब हवं,
अगदी चपलांपाशी.

साहेबांचा फोन लागेना.
पंपावरच्या पोराला मीच म्हटलं, पाइप हलव,
विहिरीच्या दोन फळ्या काढ,
सही माझी घे.

मुकादमांच्या अस्थी गेल्या वर्षी
रामकुंडात सोडल्या.
तिथे म्हणे हाडंसुद्धा विरतात.
त्यांच्या लेकानं कलश उपडा केला
आणि मी वेड्यासारखी पाहत राहिले
तळाशी थर बसतो का.

आज पंधरा सेंटीमीटर खाली.
अक्षदा पेन्सिल पुढे करते.
मी पेननं लिहिते.