एडमुरी

श्री.
मुक्काम नंदगड, कार्तिक वद्य पंचमी.
गोकाकास वैद्य चन्नवीरय्या यांसी,
नमस्कार लिहू की शरणार्थी, दर वेळी लेखणी इथेच अडते.
दोन्ही लिहितो. हवा तो ठेवून घ्यावा.

सोबत फडक्यात मुरुडशेंगा, मोजून चाळीस.
तुमची एडमुरी ती हीच.
पीळ डावा की उजवा, तुम्ही विचारलं होतं.
जांबोटीच्या रानात दिवसभर वाकून पाहिलं,
एकाच झुडपावर दोन्ही भेटतात.
आमच्या नावात नुसती मुरड,
तुमच्या नावातच डावी बाजू.
इतकी वर्षं ही शेंग उगाळली,
पण ती कुणीकडे वळते हे कधी पाहिलं नव्हतं.

आता लोहाराच्या भरमूचं.

श्रावणात मी लिहिलं होतं: वय अकरा,
आव, रक्त, डोळे खोल, जीभ खरखरीत.
तुमचा कागद बाविसाव्या दिवशी आला.
शेंग तुपात परतून ताकात उगाळावी,
वर पेज, मीठ विसरू नये.
भरमू सातव्या दिवशीच गेला होता.

तुमचं कानडी मला ऐकून कळतं, वाचून नाही.
गुरुसिद्दाप्पाच्या दुकानात, गुळाच्या ढेपेला टेकून,
त्याच्याकडून वाचून घेतो.
शेवटची ओळ होती, हुडुगा हेंग अदान?
ती वाचून तो माझ्याकडे बघत राहिला.
पोराला नेताना तोही खांदा द्यायला होता.

घरी येऊन मी लिहिलं, उतार आहे.

तुम्ही मात्रा कमी केलीत.
मी लिहिलं, भूक लागते.
तुम्ही डाळिंबाची साल सुचवलीत.
मी लिहिलं, भात्यापाशी जाऊन बसतो.
बसायचा खरंच. गेल्या साली.
गेलेल्या पोरावर कोण किती कागद लिहिणार,
आणि या गावात मला
मुरड्याबद्दल बोलायला दुसरं माणूस नाही.

दसऱ्याला तुम्ही त्याच्यासाठी भोवरा धाडलात,
गोकाकचा, लाखेच्या रंगाचा.
तो लोहाराच्या घरी कसा देऊ?
हिरड्याच्या बरणीमागे ठेवला आहे.
हिरडा घेताना हाताला लागतो.

तुमच्या वहीत ओळ असेल:
एडमुरी, वय अकरा, गुण आला.
ती खोडावी.
औषधाला बोल नाही, ते पोचलंच नाही, हे शेजारी लिहावं.
वेळेत पोचतं तर?
ते मला ठाऊक नाही. तेही लिहावं.

माझं मोडी तुम्हांला तिथले कुलकर्णी वाचून दाखवतात.
त्यांना विनंती, वरचं पुन्हा एकदा वाचावं,
सावकाश.

उत्तर आलं तर गुरुसिद्दाप्पाकडेच नेईन.
न आलं तरी शेंगा वाया जाऊ देऊ नयेत,
अजून ओलसर आहेत, उन्हात घालू नयेत,
सावलीत पसराव्या, मुंग्या लागतात.
बैलवाल्याला भाडं इथेच चुकतं केलं आहे.
तिथे पुन्हा मागेल. देऊ नये.
बहुत काय लिहिणे.