हातचे

नोंदणी विभाग म्हणतो, ९,२१८.
फी विभाग म्हणतो, ९,२०४.
दोघंही शपथेवर सांगतात,
आणि सरकारला आकडा एकच द्यायचा असतो:
एक डिसेंबरला विद्यार्थी म्हणून
कोण कोण उरलं होतं.

दोन्हीकडचे तक्ते मी शेजारी शेजारी बसवले,
पत्रिका जुळवतात तसे.
नाव जुळलं, जन्मतारीख जुळली,
चौदा ठिकाणी मंगळ आडवा.

भिंतीवर ओवेन बाण काढत होता.
अर्ज इथून निघतो, इथे सही, इथे नोंद.
"कामाची वाट सरळ केली
की आकडा आपोआप सरळ येतो."
बाण खरंच सरळ होते.
एकाही बाणाला टेबल नव्हतं,
टेबलाला खण नव्हता.

खण सापडला नर्सिंगच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर.
खिडकीत स्वान्सीचा समुद्र ओहोटीनं
पार लांब गेलेला,
रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे,
आणि ग्लेनिस प्रिचर्ड, एकतीस वर्षं त्याच खुर्चीत.
तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.
आत चौदा अर्ज, नाव कमी करण्याबद्दल.
सह्या झालेल्या, तारखा घातलेल्या,
एकावर चहाच्या कपाचं वर्तुळ.

"पुढे का नाही पाठवले?"
"हे बहुतेक सोमवारी आलेत," ती म्हणाली,
"सोमवारी सगळेच सोडून जातात."

ही टेगन, आई अंथरुणाला.
हा रीस, गोदामात रात्रपाळी करतो,
गेल्या वर्षीही सोडून गेला होता, दोनदा.
ही ओलुची, कारणाच्या रकान्यात
हिनं फक्त 'थंडी' लिहिलंय.

"फी विभागाला हे आधीच फोन करतात, हप्ता थांबवा म्हणून.
मी मात्र तीन आठवडे ठेवते. मीच फोन करते.
काहीजण येतात, कागद मागून घेतात,
माझ्यासमोर फाडतात.
संगणकात गेलं ना बाळा,
की परत यायला नवा अर्ज, नवी मुलाखत.
खणातून परत यायला फक्त जिना."

मी वहीत लिहिलं: विलंब, सरासरी एकोणीस दिवस.
खोडलं नाही. पुढे काही सुचलंही नाही.
तिसरीत बेरीज चुकली की बाई म्हणायच्या,
हातचा कुठे ठेवलास?
डोक्यावर बारीकसा एक, पेन्सिलीनं.
उत्तरात तो दिसत नाही,
पण विसरला की उत्तर खोटं.

ओवेनही चूक नव्हता.
ग्लेनिसचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात
डबा चार महिने बंद होता,
आणि एका मुलीला, जी केव्हाच घरी गेली होती,
वसुलीची पत्रं जात राहिली.
हे ग्लेनिसनंच सांगितलं, खाली बघत.

मग त्यानं भिंतीवर पहिल्यांदा
बाणाऐवजी चौकोन काढला.
कोड सात: निर्णय बाकी. मुदत एकवीस दिवस.
शेजारी एक रकाना: फोन केला का?
त्या आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून
चौदाही नंबर लावले. पाच कागद फाटले.
९,२०९ गेले सरकारकडे. ताळा बरोबर.

ग्लेनिस जुलैत निवृत्त झाली, डबा घेऊन गेली.

यंदा नोव्हेंबरात दोन्ही विभागांचा आकडा एकच आला.
ओवेननं केक आणला.
मी सवयीनं कोड सात उघडून पाहिला.
सतरा नावं.
फोन केला का? हो, हो, हो,
सतराच्या सतरा 'हो',
एकाच सकाळी, नऊ वाजून दोन मिनिटांनी.

केकची बशी बाजूला सारून
मी पहिल्या नावाचा नंबर लावलाय.
वाजतोय.