उजवीकडची खुर्ची

तीन गुरुवार मी त्याच्या डाव्या बाजूला बसले.
शिकवलं होतं तशीच अगदी:
किंचित पुढे झुकून, तळहात उघडे, आवाज मऊ,
आणि प्रश्न असे, की हो-नाहीत संपू नयेत.
मर्व्ह ड्रान्सफील्ड खिडकीकडे बघत राहिला.
खिडकीत बर्नीचं बंदर, लाकडाच्या चुऱ्याचा डोंगर,
आणि सामुद्रधुनीवरून येणारा वारा,
जो टेकडीवरच्या या सरकारी घरांची
जाळीची दारं दिवसभर हलवून बघतो
कुणी आत घेतं का.

"रात्री झोप कशी लागते?"
"हं."
"हीटर बंद पडून किती दिवस झाले?"
शर्यतीतून निवृत्त झालेली त्याची कुत्री, डॉट,
तिनंच तेवढी मान वर केली.

ऑफिसात परतून फाइलीत लिहिलं:
सहकार्य करत नाही.
तीन शब्द. चौथा लागला नाही.

चौथ्या गुरुवारी किटली किंचाळत होती
त्याच्या डाव्या हाताशी, वीतभर अंतरावर,
आणि तो ढिम्म.
मी उठले, वळसा घालून उजवीकडून गेले,
पुटपुटले, स्वतःशीच, "पाणी आटेल हिचं."
"आटू दे," तो म्हणाला, "दूध कुठे आहे घरात."

किटली हातात घेऊन मी उभी.

एकतीस वर्षं कागद गिरणीत,
सुकवणीचं यंत्र डावीकडे, हा उजवीकडे.
डावा कान तो तिथेच ठेवून आला होता.
सांगितलं नव्हतं कुणाला. बहिरा म्हटलं की लोक
आधी ओरडून बोलतात, मग बोलायचेच थांबतात.
बायकोच्या शेवटच्या रात्री नर्स काहीतरी म्हणाली होती,
डावीकडून. यानं मान डोलावली होती.
काय म्हणाली, ते अजून माहीत नाही.
पण हे सगळं फार नंतरचं.
त्या दिवशी एवढंच:
"खुर्ची ओढू नकोस. उचल. फरशीला चरे पडतात."

पुढच्या खेपेला मी फाइल नेली.
त्यानं मागितली नव्हती.
"तुमच्याबद्दल लिहिते ते सगळं यात आहे.
आणि एक आत्ताच सांगून ठेवते:
बोलाल ते माझ्यापाशी राहील,
पण जिवाचं बरंवाईट करून घ्यायची गोष्ट निघाली
तर मला गप्प बसता येणार नाही."
त्यानं चष्मा सदऱ्याला पुसला.
ओळीखाली बोट धरून वाचत गेला:
जन्मतारीख, पेन्शन, औषधं.
मग बोट थांबलं.
कुठे, ते मला ठाऊक होतं.
ते पान काढून ठेवता आलं असतं;
सकाळी गाडीत हात तिथपर्यंत गेलाही होता.

डॉट उठली, गोल फिरली, पुन्हा बसली.
"तेव्हा तू तिकडे बसायचीस," तो म्हणाला.
"हो."
"मला वाटायचं, हवेबद्दल बोलतेयस."

पेन मागितलं. ओळ एका रेघेत खोडली,
शेजारी आद्याक्षरं, खाली तारीख,
गिरणीच्या नोंदवहीत चूक सुधारायचा तशी.
मग मला म्हणाला, "तुझीही सही लागते."

हीटर अजून आलेला नाही.
दर सोमवारी चारला मी फोन करून
"अजून नाही" एवढंच सांगते.
एका सोमवारी विसरले.
मंगळवारी म्हटलं, "विसरले."
तो म्हणाला, "हं."
पण हा हं वेगळा होता, मला आता ओळखू येतो.

पुढल्या महिन्यापासून माझ्या जागी टॅम्सिन जाईल.
हस्तांतराच्या फॉर्मात चौदा रकाने आहेत,
यासाठी एकही नाही.
म्हणून समासात, बारीक अक्षरात:
उजवीकडे बस. खुर्ची उचल.
जाताना दूध घेऊन जा.