दुसऱ्या पाळीआधी

दुपारी अडीच. राजारामपुरी, नववी गल्ली.
पंखा बंद करते. माइकला वारा खपत नाही.
समोर चौतीस खिडक्या, चौतीसही काळ्या,
प्रत्येकीत एक गोल, गोलात आद्याक्षर:
मगदूमचा म, चौगुलेचा च,
आणि एकाचं नाव नुसतंच ‘रेडमी नोट’.

‘आवाज येतोय का?’
देवळात शिरताना घंटा वाजवावी
तसं हे माझं रोजचं पहिलं वाक्य.
देवाचा तरी माइक कुणी चालू पाहिलाय.

शिरोलीतल्या फाउंड्रीची ही माणसं.
चारला भट्टीवर उभी राहणार,
त्याआधीचा एक तास कंपनीने मला दिलाय.
कुणी रिक्षात, कुणी जेवणाच्या ताटावर,
कुणी वैरण टाकत.
एकदा शिये गावातून म्हैस ओरडली,
त्या आठवड्यात तेवढाच काय तो प्रतिसाद.

दर सात मिनिटांनी पडदा विचारतो: तुम्ही आहात का?
अप्पासो चौगुलेंचं बटण त्यांचा नातू दाबतो.
अप्पासोंचं लक्ष शंभर टक्के.

मी काय काय नाही केलं.
कोडी घातली, विनोद केले, बक्षिसाला टिफिन ठेवला.
मतदान घेतलं: भट्टीजवळ पाणी न्यावं का?
सत्तावीस जण ‘हो’ म्हणाले.

अकरावी स्लाइड:
‘भट्टीत टाकायचा माल कोरडा असल्याची खात्री करावी.’
शेजारी एक गोरा माणूस हसतोय,
हातमोजे इतके पांढरे,
की शिरोलीत दसऱ्याला मशीन धुऊन पूजतात
तेव्हासुद्धा कुणाचे दिसत नाहीत.

त्या गुरुवारी ती स्लाइड उघडलीच नाही.
गोल फिरत राहिला.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
‘माल ओला आहे हे कळतं कसं?’

एरवी तीन मोजून मीच उत्तर देते.
शांततेची मला भीती वाटते,
वर्गात पोरगं पडल्यासारखी.
त्या दिवशी नऊ मोजले.

रेडमी नोट बोलला.
‘मॅडम, ऐकू येतंय.’
‘काय?’
‘माल. आत पडताना चुर्र करतोय.
चुर्र झालं की मागं सरायचं. बघत बसायचं न्हाई.’

‘चुर्र झाल्यावर काय सरतोस?’
हा मगदूम. चार महिन्यांत पहिल्यांदा.
‘तवर उडालेलं असतंय. भंगाराला आधी हात लावायचा.
पाणी धरलेलं लोखंड गार लागतंय.’
‘आणि बंद पाइप?’ तिसरा कुणीतरी,
‘दोन्हीकडनं चेपलेला. त्येच्यात पाणी झोपलेलं असतंय.
हात लावून काय कळतंय तुझ्या?’
‘मग कापूनच टाकायचा की!’
‘कापायला येळ कोण देतंय, तू?’

मी मध्ये पडले नाही.
एक खिडकी उजळली, मग दुसरी.
एकीत छत, एकीत अर्धा कान,
एकीत नातवाला बाजूला सारून अप्पासो.
त्यांनी बाही वर केली, हात कॅमेऱ्यासमोर धरला.
कोपरापर्यंत ठिपके,
तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे.
‘दोन हजार सहा,’ म्हणाले. ‘जुलै.’
एवढंच.
बाही खाली केली.

रेडमी नोटचं नाव शहाबुद्दीन शिकलगार,
हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी पुण्याच्या ऑफिसातून मेल:
स्लाइड पुढे सरकल्या नाहीत,
वर्गाचं लक्ष शून्य टक्के, खुलासा करावा.
तीनदा लिहायला घेतलं.
चौथ्यांदा लिहिलं, ‘नेटवर्क नव्हतं.’
खोटंच, पण त्यांना कळेल असं.

आज पुन्हा अडीच.
पंखा बंद. चौतीसपैकी अकरा खिडक्या उघड्या,
दोघं जेवतायत, म्हैस आहेच.
आजचा प्रश्न कागदावर लिहून ठेवलाय:
लॅडल पुरती तापली, हे कशावरून ओळखता?
विचारायचं,
आणि मग गप्प बसायचं.
ते अजून नीट जमत नाही.